अबेबे बिकिलाची चौथी शर्यत



आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल आपल्या आयुष्याचा हिशेब मांडताना दिसतो. तो कैदेत आहे. मरण फार दूर नाही हे त्याने ओळखले आहे. अशा वेळी मागे वळून पाहताना आपण किती ख्रिस्तमंडळ्या स्थापन केल्या, किती पत्रे लिहिली, किती वादळांतून प्रवास केला, हे तो मोजत बसत नाही. आपली धाव पूर्ण झाली आणि श्रद्धा शाबूत राहिली, एवढेच तो आपल्या लाडक्या तीमथ्याला कळवतो.

पौलाला धावण्याच्या शर्यतीची उपमा फार प्रिय होती. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे क्रीडासामने भरत असत. करिंथकरांना पत्र लिहिताना त्याला धावपटूंचा संयम आठवला, तो काही उगाच नव्हे. ते लोक रोज डोळ्यांनी पाहत होते तेच उदाहरण त्याने उचलले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही श्रद्धेचे जीवन म्हणजे धीराने धावायची लांबची धाव आहे, असे सांगितले आहे. शंभर मीटरची धाव दहा-बारा सेकंदांत संपते. श्रद्धेची धाव स्नानसंस्कारापासून शेवटच्या श्वासापर्यंत चालते. तिच्यात चढ आहेत, उतार आहेत आणि मध्येच पोटात गोळा येण्याचे प्रसंगही आहेत.

काल २५ ऑक्टोबर होता. १९७३ साली याच दिवशी अबेबे बिकिला हा इथिओपियाचा धावपटू मरण पावला. त्याने मॅरेथॉनच्या दोन ऑलिम्पिक शर्यती जिंकल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. पण आम्हांला त्याच्या एकूण चार शर्यतींविषयी लिहायचे आहे. त्यांतल्या दोन त्याने जिंकल्या, एक अर्धवट सोडली आणि चौथी त्याने बसून पूर्ण केली.

हबशांचा देश

इथिओपिया म्हणजे आपल्या जुन्या बखरींतला हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज तिकडचेच आणि निजामशाही सांभाळणारा मलिक अंबरही तिकडचाच. बायबल वाचणाऱ्याला हा देश आणखी एका कारणाने ओळखीचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांत कंदाके राणीचा खजिनदार यरुशलेमहून परतताना रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत असतो. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने फिलिप त्या रथाकडे धावत जातो, त्याला शुभवर्तमान समजावून सांगतो आणि वाटेतल्या पाण्यात त्याला स्नानसंस्कार देतो. म्हणजे त्या देशाच्या माणसाला ख्रिस्त भेटला तोही एका धावणाऱ्याच्या पायांनी. पुढे चौथ्या शतकात संत फ्रुमेंतियसच्या कार्यामुळे तेथील राजा एझाना ख्रिस्ती झाला. आजही तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती वर्षातले कितीतरी आठवडे कडक उपवास करतात आणि चर्चमध्ये शिरण्यापूर्वी पायांतली पादत्राणे बाहेर काढतात.

अशा देशात ७ ऑगस्ट १९३२ रोजी जातो नावाच्या खेड्यात अबेबेचा जन्म झाला. योगायोग असा की त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत लॉस एंजलिसच्या ऑलिम्पिकची मॅरेथॉन धावली गेली. बिकिला हे त्याच्या वडिलांचे नाव. त्यांच्याकडे आडनाव नसते, स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावतात, म्हणून आपणही त्याला अबेबे म्हणू. लहानपणी तो गेना नावाचा खेळ खेळत असे. हा आपल्या हॉकीसारखा खेळ. पण दोन गोल एकमेकांपासून कधी कधी काही किलोमीटर दूर असत, त्यामुळे मुलांचे धावून धावून पाय भरून येत. हा खेळ तेथे नाताळात खेळतात. बेथलेहेमच्या मेंढपाळांना बाळ येशूच्या जन्माची वार्ता कळली तेव्हा ते आनंदाने आपल्या काठ्या घेऊन हाच खेळ खेळले, अशी तेथील लोकांची समजूत आहे.

अबेबे तीन वर्षांचा होता तेव्हा इटलीने इथिओपियावर स्वारी केली. विषारी वायूचे बॉम्ब टाकले गेले. त्याच्या घरच्यांना गाव सोडून दूर जावे लागले. १९३७ साली देब्रे लिबानोस या प्राचीन मठातल्या शेकडो साधूंना आणि यात्रेकरूंना इटलीच्या सेनाधिकाऱ्याच्या हुकमावरून गोळ्या घालण्यात आल्या. हे सैन्य एका कॅथलिक देशाचे होते आणि त्या देशातल्या काही धर्माधिकाऱ्यांनी त्या युद्धाचे कौतुकही केले होते. हे लिहिताना आम्हांला लाज वाटते, पण ते झाकून ठेवणे बरे नाही. ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसांचे मठ उद्‌ध्वस्त केले. त्याच वर्षी अक्सुम या पुण्यनगरीतला दगडी उंच स्तंभ लूट म्हणून रोमला नेऊन उभा करण्यात आला. तो स्तंभ आपल्या कथेत पुन्हा भेटणार आहे.

पहिली शर्यत : रोम, १९६०

मोठा झाल्यावर अबेबे राजधानी आदिस अबाबाला आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या अंगरक्षक दलात शिपाई म्हणून भरती झाला. तेथे ओन्नी निस्कानेन हे स्वीडनचे प्रशिक्षक सैनिकांना व्यायामाचे शिक्षण देत. त्यांनी या काटकुळ्या, अबोल शिपायाची चाल ओळखली. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर, विरळ हवेत, मैलोगणिक धावण्याचा सराव सुरू झाला. तेव्हा त्याला पाहायला कोणी नव्हते आणि टाळ्या वाजवायलाही कोणी नव्हते.

१० सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन झाली. उन्हाचा त्रास टाळण्यासाठी ती संध्याकाळी सुरू झाली. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. अबेबेसाठी नवे बूट आणले होते, पण ते पायाला नीट बसेनात, फोड येऊ लागले. तेव्हा त्याने सवयीप्रमाणे अनवाणीच धावायचे ठरवले. पुढे या गोष्टीला फार मोठा अर्थ दिला गेला. मूळ गोष्ट मात्र साधी होती. बूट चावत होते, ते त्याने काढले. इब्रीकरांच्या पत्रात धावणाऱ्याने अंगावरचे ओझे टाकून द्यावे असे सुचवले आहे ना, तसेच हे. आपल्यालाही काही चांगल्या, महागड्या, नव्या गोष्टी चावत असतात. केवळ त्या चांगल्या दिसतात म्हणून आपण त्या काढत नाही आणि मग श्रद्धेच्या वाटेवर लंगडत चालतो.

आणखी एक गंमत त्या रात्री घडली. मोरोक्कोचा ऱ्हादी बेन अब्देसलाम हा कसलेला धावपटू आहे, त्याच्यावर लक्ष ठेव, असे प्रशिक्षकांनी अबेबेला बजावले होते. ऱ्हादीचा क्रमांक २६ असणार होता. प्रत्यक्षात ऱ्हादी आपल्या आधीच्या शर्यतीचा १८५ हाच क्रमांक छातीवर लावून धावला. अबेबे बिचारा गर्दीत २६ क्रमांक शोधत राहिला आणि १८५ क्रमांकाचा एक धावपटू कितीतरी किलोमीटर त्याच्या खांद्याला खांदा लावून धावत राहिला. ज्याला शोधायचे तोच शेजारी आहे, हे त्याला कळलेच नाही. पण त्यामुळे त्याचे काही बिघडले नाही. तो आपल्या चालीने, आपल्या श्वासावर धावत राहिला.

आजच्या शुभवर्तमानातला परुशी आठवून पाहा. तो मंदिरात प्रार्थनेला उभा राहतो, पण त्याचा एक डोळा मागे उभ्या असलेल्या जकातदारावर असतो. मी त्याच्यापेक्षा किती पुढे, हे मोजण्यातच त्याची प्रार्थना संपते. जकातदार मात्र कोणाकडे पाहत नाही. देवाची दया आणि आपली लायकी, एवढ्याच दोन गोष्टी त्याच्यापुढे असतात. मिस्सेला आपण बाकांवर बसतो तेव्हा आपले डोळे कोणता क्रमांक शोधत असतात? अमक्याने यंदा सणाला किती देणगी दिली, तमकी इतक्या वर्षांनी आज कशी आली, कोणाचा मुलगा कम्युनिअनला उठला नाही. श्रद्धेच्या शर्यतीत दुसऱ्याला मागे टाकल्याबद्दल बक्षीस नाही. पौलानेही मुकुटाची आशा धरली ती एकट्यासाठी नव्हे, तर प्रभूच्या दर्शनाची ओढ असलेल्या प्रत्येकासाठी.

शर्यतीचा शेवटचा भाग जुन्या आपियन मार्गावरून होता. रात्र पडली होती. रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली धरून उभे होते. प्रिय बंधुभगिनींनो, हा रस्ता आपला ओळखीचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटच्या अध्यायात बेड्या घातलेला पौल याच मार्गाने रोमला आला आणि तेथील बांधव त्याला सामोरे आले. छळाच्या काळात संत पेत्र रोम सोडून पळाला तोही याच वाटेने, आणि येथेच प्रभू भेटल्यामुळे तो माघारी वळून मरणाला सामोरा गेला, अशी परंपरा आहे. त्याच दगडी वाटेवर त्या रात्री अनवाणी पावलांचा आवाज ऐकू येत होता.

आणि मग तो स्तंभ आला. अक्सुमहून लुटून आणलेला, अबेबेच्या पूर्वजांनी घडवलेला. शर्यतीचा मार्ग आधी पाहून ठेवताना प्रशिक्षक आणि शिष्य या दोघांनीही तो हेरला होता आणि तेथून वेग वाढवायचा असे ठरवले होते. अबेबेने तसेच केले. ऱ्हादी मागे पडला. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली अबेबेने २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत शर्यत पूर्ण केली. तोवर जगात इतक्या कमी वेळात कोणी मॅरेथॉन धावले नव्हते. ऱ्हादी २५ सेकंदांनी आला. आफ्रिकेच्या कृष्णवर्णीय माणसाने मिळवलेले ऑलिम्पिकचे ते पहिले सुवर्णपदक होते.

ज्या शहरातून त्याच्या देशाला जाळण्याचे हुकूम सुटले होते त्या शहरात तो आला. त्याने कोणाला शिवी दिली नाही, कोणावर दगड उचलला नाही. तो धावला, जिंकला आणि रोमच्याच लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. अन्यायाला उत्तर देण्याची ही एक रीत आहे. आपल्या घराघरांत जमिनीच्या आणि वाटणीच्या जुन्या जखमा वाहत असतात, तेव्हा ही रीत आठवावी. त्या स्तंभाची कथाही पुढे पूर्ण झाली. २००५ साली इटलीने तो परत केला आणि २००८ मध्ये तो अक्सुमला पुन्हा उभा राहिला. लुटीची परतफेड व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली, पण झाली. पापांगीकाराला येणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे. क्षमा मागितली तरी घेतलेली वस्तू परत करायची राहतेच.

दुसरी शर्यत : टोकियो, १९६४

यश मिळाले म्हणून वाट सोपी झाली नाही. रोमहून परतल्यावर थोड्याच महिन्यांत, डिसेंबर १९६० मध्ये, अंगरक्षक दलाच्या काही अधिकाऱ्यांनी सम्राटांविरुद्ध बंड केले. बंड फसले. दलातल्या इतरांबरोबर अबेबेलाही अटक झाली, मग त्याची सुटका झाली. देशाचा लाडका वीर काही काळ संशयित ठरला. १९६३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये तो पाचवा आला.

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकला जेमतेम पाच-सहा आठवडे उरले असताना त्याच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. कोणालाही वाटले असते की आता हा धावत नाही. पण तो दवाखान्यातच हळूहळू चालू लागला, मग पळू लागला. २१ ऑक्टोबरला तो टोकियोत धावला, या वेळी पायांत बूट घालून. २ तास १२ मिनिटे ११ सेकंद. पुन्हा जगातली सर्वांत कमी वेळ. दुसरा धावपटू मैदानात शिरला तेव्हा चार मिनिटांहून अधिक वेळ गेला होता आणि अबेबे गवतावर शांतपणे हातपाय ताणण्याचे व्यायाम करीत होता. लागोपाठ दोनदा ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणारा तो पहिला माणूस ठरला.

येथे आम्हांला एवढेच सांगायचे आहे की पाच आठवड्यांत कोणी मॅरेथॉनचा धावपटू होत नाही. आजारपणानंतर तो उभा राहिला तो त्याआधीच्या कित्येक वर्षांच्या सरावावर. संकट आल्यावर श्रद्धा शोधायला निघणारा माणूस बहुधा रिकाम्या हातांनी परततो. रोजची जपमाळ, रविवारची मिस्सा, महिन्याकाठी पापांगीकार, जेवणापूर्वीची दोन वाक्यांची प्रार्थना, यांत काही थरार नाही. कंटाळाही येतो. पण हाच तो डोंगरातला सराव आहे. एक दिवस तो लागणार आहे, आणि तो दिवस आपल्याला आधी कळवून येणार नाही.

तिसरी शर्यत : मेक्सिको, १९६८

तिसऱ्या ऑलिम्पिकला अबेबे ३६ वर्षांचा होता. पाय दुखावलेला होता. तरी तो धावायला उभा राहिला. सुमारे १७ किलोमीटर झाल्यावर त्याला थांबावे लागले. ती शर्यत त्याच्याच देशाच्या, त्याच्याच दलातल्या मामो वोल्देने जिंकली.

ही शर्यत लोक सहसा सांगत नाहीत. आम्हांला ती सांगावीशी वाटते, कारण आपल्या धर्मग्रामात अशा सतराव्या किलोमीटरवर थांबलेली माणसे पुष्कळ आहेत. कोणी बरीच वर्षे गायनवृंदात होता, आता आवाज उरला नाही. कोणी धर्मशिक्षणाचे वर्ग घेत होती, आता गुडघे चर्चच्या पायऱ्या चढू देत नाहीत. आपण थांबलो म्हणजे सारे फुकट गेले असे त्यांना वाटते. पण मामो वोल्दे ज्या वाटेने धावला ती वाट अबेबेने मोकळी केलेली होती. बी एकाने पेरावे आणि कापणी दुसऱ्याने करावी, हे प्रभू येशूने शिष्यांना शिकवलेच आहे. आपली जागा दुसऱ्याने घेतली की पोटात दुखणे साहजिक आहे. त्याच वेळी देवाचे आभार मानता येणे ही कृपा आहे आणि ती मागितल्यावर मिळते.

चौथी शर्यत

२२ मार्च १९६९ च्या रात्री अबेबे आपली फोक्सवॅगन गाडी चालवीत होता. गाडी रस्त्याबाहेर जाऊन उलटली. तो आत अडकला आणि सकाळ होईपर्यंत तसाच पडून राहिला. मानेला आणि पाठीच्या कण्याला जबर मार बसला होता. त्याला इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात हलवण्यात आले. तेथे तो आठ महिने होता. सुरुवातीला मान वळवणेही जमत नव्हते. हळूहळू हात कामाला लागले. पाय मात्र पुन्हा हलले नाहीत. ज्या पायांकडे साऱ्या जगाने पाहिले होते, ते पाय तो मरेपर्यंत चाकांच्या खुर्चीवर निपचित राहिले. तेव्हा तो ३६ वर्षांचाच होता.

आता त्याने काय केले? स्टोक मँडव्हिलच्या त्या रुग्णालयात अपंगांसाठी क्रीडास्पर्धा भरवण्याची प्रथा होती. आजच्या पॅरालिम्पिकचा उगम तेथलाच. १९७० साली अबेबे त्या स्पर्धांत तिरंदाजीसाठी उतरला. पाय गेले, हात आहेत, तर हातांनी. १९७१ मध्ये तो नॉर्वेला अपंगांच्या स्पर्धांना पाहुणा म्हणून गेला आणि तेथेही प्रेक्षकांत बसून राहिला नाही. बर्फावरून कुत्री ओढतात त्या घसरगाडीच्या शर्यतीत तो सोळा जणांत पहिला आला. इथिओपियाच्या माणसाने ही विद्या कोठे शिकली असेल, देव जाणे!

१९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकला त्याला सन्मानाने बोलावले गेले. त्याची खुर्ची मैदानात आली तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले. मॅरेथॉन जिंकलेल्या अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टरने पदक घेतल्यावर त्याच्याकडे जाऊन हात मिळवला. पुढल्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १९७३ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन अबेबे वारला. त्याचे वय होते ४१. पत्नी आणि चार मुले मागे राहिली. हजारोंच्या जनसमुदायाबरोबर स्वतः सम्राट त्याच्या अंत्यविधीला आले. आदिस अबाबाच्या संत योसेफ चर्चच्या दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली.

अपघातानंतर अबेबेने आपल्या मनाची जी समजूत करून घेतली ती अशी : आपल्याला पदके मिळाली ती देवाच्या इच्छेने, आणि हा अपघातही त्याच्या इच्छेने. पदके जशी स्वीकारली तसे हेही स्वीकारायचे. ईयोबानेही काहीसे असेच म्हटले होते.

येथे थोडे थांबून विचार करू या, कारण हे वाक्य जितके पवित्र तितकेच धोक्याचे आहे.

आम्ही नवे धर्मगुरू असताना एका घरी आजाऱ्याला कम्युनिअन द्यायला गेलो होतो. घरातला तरुण मुलगा झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला होता. सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान ताजे होते. आम्ही त्याच्या आईला समजावले की ही देवाची इच्छा आहे, ती स्वीकारली पाहिजे. ती माउली काही बोलली नाही. उठून आत गेली, चहा करून आणला, कप आमच्यापुढे ठेवला आणि पुन्हा आत गेली. पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा ती बाहेर आली नाही. त्या पुढच्या महिन्यातही नाही. आम्ही तिला जे दिले होते तो आधार नव्हता, तो दगड होता. हे समजायला आम्हांला बरीच वर्षे लागली.

अबेबेने तेच म्हटले तर ती श्रद्धा, आणि आम्ही म्हटले तर तो घाव, असे का व्हावे? कारण अबेबे स्वतःच्या मोडलेल्या पाठीविषयी बोलत होता. आम्ही दुसऱ्याच्या पाठीविषयी बोलत होतो. स्वतःचा क्रूस उचलून माणूस हे देवाच्या हातून घेतो असे म्हणू शकतो. दुसऱ्याचा क्रूस पाहून ते आपण ठरवायचे नसते. तेथे आपले काम किरेनेच्या शिमोनाचे. खांदा द्यायचा आणि गप्प राहायचे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मूकपणे बसले होते तोवर ते चांगले मित्र होते. त्यांनी तोंड उघडून कारणे सांगायला सुरुवात केली आणि ते चुकले. जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूनेही तो हिशेब मांडायला नकार दिला आणि त्या आंधळ्याला दृष्टी दिली.

संत थॉमस अक्वायनस यांनी येथे एक भेद केला आहे. देव वाईटाची इच्छा करीत नाही, तो ते घडू देतो. गाडी उलटावी आणि पाठ मोडावी असे आपल्या पित्याला हवे होते, असे आपण मानत नाही. पण त्या उलटलेल्या गाडीतही तो हजर होता, आणि त्यातूनही काही चांगले उगवावे ही त्याची इच्छा होती, हे आपण मानतो. हा भेद पुस्तकात वाचताना कोरडा वाटतो. आजाऱ्याच्या खाटेशी बसल्यावर त्याचे मोल कळते. अबेबेच्या शब्दांचा अर्थ आम्ही असा घेतो : देवाने माझे पाय हिरावले असे तो म्हणत नाही. पाय असताना ज्या देवाचा मी होतो, पाय नसतानाही मी त्याच देवाचा आहे, असे तो म्हणतो आहे. श्रद्धा राखणे ती हीच. पौलाने धाव पूर्ण केली तेव्हा त्याचेही हातपाय मोकळे नव्हते, साखळीत होते.

म्हणून अबेबेची चौथी शर्यत आम्हांला सर्वांत लांब वाटते. पहिल्या दोन मिळून साडेचार तासांच्या आत संपल्या. ही चौथी साडेचार वर्षांहून अधिक चालली. तिच्यात मशाली नव्हत्या, तरी तो मागे वळला नाही.

आपल्या वाटेवर

आपल्या भागात अलीकडे डिसेंबरमध्ये मॅरेथॉन होते. वसई-विरारच्या रस्त्यांवर हजारो पाय धावतात, आपली मुलेही त्यांत असतात. त्यांना आमचा आशीर्वाद आहे. सराव नीट करा, पाणी प्या आणि त्या रविवारी आदल्या संध्याकाळच्या मिस्सेला या! रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या वाजवणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. आपल्या गल्लीत एखाद्या घराच्या आतल्या खोलीत कोणीतरी चौथी शर्यत धावत असते. खाटेवर पडून, खिडकीतून रस्ता पाहत. त्या खिडकीखाली टाळ्या वाजवायला कोण जाणार?

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने अशा एका घरी जाऊन यावे. उपदेश करू नये. अर्धा तास बसावे, जुन्या गोष्टी काढाव्यात, जपमाळेचा महिना आहे तर एक दशक सोबत म्हणावे. ज्यांना घरी कम्युनिअन किंवा रुग्णाभ्यंग हवे असेल त्यांची नावे चर्चच्या कार्यालयात कळवावीत. आम्ही येऊ, आणि आता पूर्वीपेक्षा कमी बोलू.

पुढच्या रविवारी, २ नोव्हेंबरला, सर्व मृत भाविकांच्या स्मरणदिनी आपण दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जमू. ज्यांनी आपली धाव पूर्ण केली ते सारे तेथे विसावले आहेत. कोणी जिंकून, कोणी थकून, कोणी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून. त्या ज्योतींच्या दोन्ही बाजूंनी चालताना आपल्याला आपियन मार्गावरच्या मशाली आठवतील. आपलीही धाव अजून चालू आहे हे तेव्हा ध्यानात असू द्यावे.

हे प्रभो, जे धावत आहेत त्यांना दमसास दे. जे थांबले आहेत त्यांना निराश होऊ देऊ नकोस. जे उठू शकत नाहीत त्यांच्याजवळ तू बस आणि आम्हांलाही त्यांच्याजवळ बसायला शिकव. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू